गरोदरपणात मांजर घराबाहेर काढावं लागतं का?

‘घरात कुणी गरोदर असेल तर मांजर सोडून द्या, तिच्या विष्ठेतून बाळाला धोका होतो,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. भीती निराधार नाही, उपाय मात्र चुकीचा आहे.

टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी खरा. गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. पण मांजराला तो उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाऊन लागतो आणि त्याचे कोश (अंड्यांसारखे सूक्ष्म कण) ती बहुधा पहिल्या लागणीनंतरच, १ ते ३ आठवडे विष्ठेतून टाकते. शिवाय ताज्या विष्ठेतले कोश लागण करू शकत नाहीत, त्यांना पक्व व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणूनच लिटर बॉक्स, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ठेवलेला डबा, रोज साफ होणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन दिवस राहिलेला बॉक्स हाच खरा धोका.

हे काम शक्यतो घरातल्या दुसऱ्या कुणी करावं. ते जमत नसेल तर हातमोजे घालून खडे अलगद उचलावेत, धूळ उडू देऊ नये, नंतर हात साबणाने धुवावेत. रिकामा बॉक्स उकळत्या पाण्याने धुवावा. ब्लीचने हे कोश सहसा मरत नाहीत, उलट मूत्रातल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घातक वायू होतो.

मांजराला कच्चं मांस देऊ नका, बाहेर शिकारीला सोडू नका. स्वतःही अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या टाळा. लागण बऱ्याचदा तिथूनच होते. पूर्वी लागण झाली होती का, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने आयजीजी (रक्तातल्या प्रतिपिंडांची) तपासणी केली की कळतं.