टोकदार दगडांची गोष्ट

अमेरिकेच्या जुन्या लष्करी दफनभूमीत 1861 ते 1865 च्या यादवी युद्धातल्या सैनिकांच्या कबरींवर दोन प्रकारचे दगड दिसतात. माथ्याशी किंचित गोलाई आणि दर्शनी बाजूला कोरलेली ढाल असेल, तर तो उत्तरेचा, म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने लढलेला सैनिक. माथा टोकदार आणि ढाल नाही, तर दक्षिणेचा, म्हणजे देशातून फुटून निघालेल्या राज्यांचा. यांकींनी, म्हणजे उत्तरेच्या लोकांनी, वर बसू नये म्हणून टोक काढलं, असं दक्षिणेत हसत सांगतात. खरं कारण इतकं चटपटीत नाही. दोन्ही बाजूंचे दगड लांबूनच वेगळे ओळखू यावेत, एवढंच.

मुळात दक्षिणेच्या सैनिकाला सरकारी दगड मिळायलाच चाळीस वर्षं गेली. जुलै 1862 च्या कायद्याने राष्ट्रीय दफनभूमींसाठी जमीन घ्यायची मुभा दिली ती 'देशाच्या सेवेत' मरणाऱ्या सैनिकांसाठी. देशाशीच लढलेला माणूस त्यात कसा बसणार? कायद्याच्या भाषेत उत्तर सरळ होतं, शेतात मात्र नाही. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला जुलै 1863 मध्ये मोठी लढाई झाली; त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिथले उथळ खड्डे उकरून उत्तरेचे मृतदेह नव्या दफनभूमीत हलवले, दर मृतदेहामागे 1 डॉलर 59 सेंट या ठेक्याने. उकरणारे मजूर कृष्णवर्णीय होते. दक्षिणेच्या सैनिकांच्या अंगावरही कधी उत्तरेची विजार असे, त्यामुळे कपड्याचा रंग, आतले कपडे, बुटांची बांधणी, खिशातल्या वस्तू पाहून बाजू ठरवली जाई. एकही शत्रू आत आलेला नाही, असं देखरेख करणाऱ्याने छातीठोक लिहून दिलं. पुढे काही दक्षिणी सैनिक तिथेच पुरलेले निघाले! बाकीचे तीन हजारांवर दक्षिणी मृतदेह शेतातच राहिले. 1871 ते 1873 या काळात दक्षिणेतल्या लोकांनी ते रिचमंड आणि इतर शहरांत नेले.

युद्ध संपल्यावर उत्तरेच्या तीन लाखांहून अधिक सैनिकांना शोधून पुन्हा पुरलं. जवळपास निम्म्यांची नावं कळली नाहीत. सैनिकांना सरकारी ओळखबिल्ला नव्हता; काहीजण लढाईआधी नाव लिहिलेली चिठ्ठी कोटाला टाचून घेत. कबरीवर लाकडी फळी असे. ती काही वर्षांत कुजे, आणि दर वेळी नवी लावायची तर खर्च वाढत जाई. म्हणून 1873 मध्ये दगड ठरला: 10 इंच रुंद, 4 इंच जाड, जमिनीवर 12 इंच. अनोळखी सैनिकाला फक्त 6 इंची चौरस ठोकळा, वर कबरीचा नंबर. गवत जरा वाढलं की तो नंबर वाचायला वाकावं लागतं.

टोकदार दगडाचा मार्ग 1906 च्या कायद्याने मोकळा झाला, तोही उत्तरेतल्या तुरुंगांत आणि इस्पितळांत मेलेल्यांपुरता. खासगी दफनभूमीतल्या दक्षिणी कबरींना तो 1929 मध्ये लागू झाला. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत असे दगड वर्तुळात आहेत. त्यांच्या मधोमध 1914 मध्ये उभारलेलं दक्षिणी सैनिकांचं स्मारक डिसेंबर 2023 मध्ये उतरवलं. कबरींना धक्का लागू नये म्हणून त्याचा ग्रॅनाइटचा पाया तेवढा ठेवला. 2025 मध्ये स्मारक परत आणण्याची घोषणा झाली. म्हणजे वाद पुन्हा पहिल्या पानावर.

गेटिसबर्गच्या रेल्वे खिंडीत 1996 मध्ये आणखी एक सांगाडा उघडा पडला. तो कुठल्या बाजूचा, हे ठरलं नाही. 1 जुलै 1997 रोजी त्याला राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं, तेव्हा दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या हयात असलेल्या दोन वृद्ध विधवा शेजारी बसल्या होत्या.