मॉडेल रेल्वेतील रुळांची सफाई व देखभाल

मॉडेल रेल्वेचे इंजिन वीज रुळांतूनच घेते: एका रुळातून चाकावाटे मोटरला, आणि पलीकडच्या चाकावाटे दुसऱ्या रुळात परत. चाक आणि रूळ यांची गाठ टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत पडते. तिथे काजळी धरली की गाडी अडखळते, दिवे लुकलुकतात. डीसीसी या डिजिटल पद्धतीत इंजिनाला हुकूमही रुळांतूनच जातात.

चाकाखाली उडणाऱ्या बारीक ठिणग्यांमुळे धातूची ऑक्साइडे बनतात. त्यांत सांडलेले तेल, कपड्यांचे तंतू आणि प्लॅस्टिकच्या चाकांची झीज मिसळून काळा चिकट थर बसतो. पितळी रुळांवरचे ऑक्साइड वीज अडवते. म्हणून आता ‘निकेल सिल्व्हर’चे रूळ वापरतात. त्यात चांदी फक्त नावात, प्रत्यक्षात मुळीच नाही. तो तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू.

सँडपेपर हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. रूळ चकाकतो खरा, पण ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. त्यापेक्षा वीज बंद करून, खिडक्या उघड्या ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले सुती फडके फिरवावे. रूळ पुसून चाके तशीच ठेवणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे. रुळांवर ओला कागदी रुमाल पसरून इंजिनाची अर्धी चाके त्यावर फिरवली, की कागदावर काळ्या रेघा उमटतात.

जर्मनीतील हँबर्गच्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’ या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात (२००१ पासून) १:८७ प्रमाणातील रूळ १५ किमी.हून अधिक आहेत. एवढ्या पसाऱ्यात, विशेषतः बोगद्यांत, हात पोचत नाही. तिथे गाडीला जोडलेला सफाईचा डबा कामाला येतो. कॅलिफोर्नियातील मॉडेल रेल्वेकार जॉन ॲलन (मृत्यू १९७३) यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती अगदी साधी आहे: डब्याखाली हार्डबोर्डचा तुकडा, खरखरीत बाजू खाली. त्याला चिकटवलेले दोन खिळे डब्याच्या तळाच्या भोकांत सैल राहतात, त्यामुळे तुकडा स्वतःच्या वजनाने रूळ पुसत जातो.

उरलेली दुखणी बहुतेक जोडांची. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या पट्ट्या सैल होऊन वीज तुटते, म्हणून रुळांच्या तुकड्यांना खालून स्वतंत्र तारा डाखतात. दमट हवेत लाकडी पाया फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. रूळ वाकू नयेत म्हणून अधूनमधून बारीक फट सोडतात. रूळ बदलणाऱ्या सांध्यात खडीचा एक कण अडकला तरी डबा घसरतो. वर आलेला जोड डोळ्यांना दिसत नाही, रुळावरून बोट फिरवले की लागतो.