अलीगढ सोडलेले तिघे

फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय, टी. विजयराघवन आणि दामोदर धर्मानंद कोसंबी ही तीन नावे १९३१ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या गणित विभागाशी जोडलेली होती. तिघांपैकी कोणीही तिशी ओलांडलेली नव्हती. दोन-अडीच वर्षांत तिघेही अलीगढबाहेर पडले आणि ज्या कामासाठी आज त्यांची आठवण निघते, ते बहुतेक सगळे काम त्यानंतरचे आहे.

मूळचे मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज १९२० साली कायद्याने विद्यापीठ झाले. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सय्यद रॉस मसूद १९२९ मध्ये कुलगुरू झाले. हैदराबाद संस्थानाचे शिक्षण खाते सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. अलीगढमध्ये चांगली माणसे आणायची, गरज पडली तर परदेशातून आणायची, असे त्यांनी ठरवले. पॅरिसचे संस्कृत पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांच्यामार्फत त्यांचा वेय यांच्याशी संपर्क झाला. आधी बोलणे चालले होते फ्रेंच संस्कृतीच्या अध्यासनाचे. ते जमले नाही, तेव्हा गणिताची जागा मोकळी असल्याचे कळवण्यात आले. वेय यांना भारताची आणि संस्कृतची ओढ विद्यार्थिदशेपासूनच होती. त्यांनी लगेच होकार दिला. १९३०च्या सुरुवातीला ते अलीगढला पोचले, तेव्हा त्यांचे वय २३ होते आणि पॅरिसची डॉक्टरेट मिळून जेमतेम दीड वर्ष झाले होते.

सुरुवातच अवघड कामाने झाली. विभागात आधीपासून शिकवणाऱ्यांपैकी कोणाला ठेवायचे आणि कोणाला काढायचे, याचा निर्णय या नव्या, परक्या, तरुण प्राध्यापकाने द्यायचा होता. जुन्यांच्या जागी नवे कोण, हेही त्यानेच सुचवायचे. निवड समितीने उमेदवार पारखावेत, बाहेरच्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, मग नेमणूक कायम करावी, असा टप्प्याटप्प्याचा रस्ता इथे नव्हता. कुलगुरूंचा शब्द हाच आधार होता. त्यामुळे कामाला वेग आला, पण ज्यांची खुर्ची हलली ते विद्यापीठाच्या आवारातच राहिले आणि त्यांचे म्हणणे कुलगुरूंच्या कानावर जात राहिले.

वेय यांची पारख मात्र अचूक होती. विजयराघवन यांच्याजवळ नेहमीच्या छापाच्या पदव्या नव्हत्या. त्यांनी आपले काम रामानुजनांप्रमाणेच इंग्रज गणितज्ञ हार्डींना पाठवले होते आणि हार्डींनी त्यांना ऑक्सफर्डला बोलावून घेतले होते. पदवीच्या रकान्यावर अडून राहिले असते, तर ही नेमणूक झालीच नसती. कोसंबी गोव्यातल्या कोसबेंचे, बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. १९२९ साली हार्वर्डची पदवी घेऊन ते बनारस हिंदू विद्यापीठात शिकवू लागले आणि १९३१ मध्ये वेय यांनी त्यांना अलीगढला आणले.

बनारसमधल्या एका सहकाऱ्याशी कोसंबींचे पटत नव्हते. त्याची जिरवण्यासाठी वेय यांनी कोसंबींना सुचवले की डी. बुर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाच्या नावावर एक प्रमेय घालून निबंध लिहा. असा कोणी गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता. कोसंबींचा तो निबंध १९३१ साली संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे १९३४-३५ मध्ये वेय आणि त्यांच्या मित्रांनी फ्रान्समध्ये जो गट काढला आणि ज्याच्या ग्रंथमालेने विसाव्या शतकातल्या गणिताची मांडणी बदलली, त्याने हेच बुर्बाकी नाव घेतले. गणिताच्या छापील लेखनात ते नाव पहिल्यांदा आले ते कोसंबींच्या निबंधात. गणिताच्या इतिहासात अलीगढचा हा वाटा पक्का आहे.

घडी मोडायला एक सुट्टी पुरली. वेय युरोपला गेलेले असताना त्यांचीच जागा विजयराघवन यांना देऊ करण्यात आली. विजयराघवन यांनी ती नाकारली, राजीनामा दिला आणि ते ढाक्याला निघून गेले. वेय परतले तेव्हा त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी गेलेला होता आणि स्वतःची नोकरीही फार टिकणार नव्हती. १९३२ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. कोसंबी मग पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. ज्या शब्दावर विभाग उभा राहिला होता, तोच शब्द मागे घेतला गेल्यावर या तिघांना धरून ठेवील असा दुसरा कोणताही धागा विद्यापीठाने तयार केलेला नव्हता. मला या प्रकरणातली खरी चूक इथेच दिसते. तिघांच्या फटकळ स्वभावावर ती ढकलणे सोपे आहे, पण अन्यायकारक आहे.

पुढे काय झाले? विजयराघवन ढाका आणि आंध्र विद्यापीठ करत मद्रासच्या रामानुजन इन्स्टिट्यूटचे पहिले संचालक झाले. १९५५ साली ते वारले. एखाद्या संख्येचे एकामागून एक घात काढत गेले की अपूर्णांकाचा भाग कसा वागतो, यावर त्यांनी १९४०च्या दशकात निबंधांची मालिका लिहिली. सुवर्ण गुणोत्तर १.६१८… घ्या. त्याचा पाचवा घात ११.०९ येतो, दहावा १२२.९९२, आणि विसावा १५,१२७ ला इतका चिकटतो की फरक दशांश चिन्हानंतर पाचव्या स्थानावर दिसतो. घात पूर्णांकाकडे असे सरकत जाणाऱ्या संख्यांच्या या कुळाला आज पिझो-विजयराघवन संख्या म्हणतात.

कोसंबींनी फर्ग्युसनमध्ये बारा-तेरा वर्षे काढली आणि त्यांचे गणितातले बरेचसे मोलाचे काम याच काळातले आहे. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. १९४३ साली त्यांनी जी संख्याशास्त्रीय पद्धत छापली, ती पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. त्या दोघांचे निबंध काही वर्षांनंतरचे आहेत. १९४४च्या निबंधाने मात्र त्यांचे नाव राखले. जोडीतली गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात आणि जनुकांच्या नव्या जुळण्या होतात, त्याला पुनर्संयोग म्हणतात. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून काढायचे असते. मधे दोनदा अदलाबदल झाली तर ती मोजणीत सापडत नाही, म्हणून प्रमाण आणि अंतर एकच धरता येत नाही. जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांच्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली आहे. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबींच्या सूत्रात हे धरलेले आहे: (१+२र) ला (१−२र) ने भागा, नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि त्याचा चौथा भाग काढा. र म्हणजे पुनर्संयोगाचे प्रमाण ०.२० असेल, तर हॉल्डेनचे उत्तर ०.२५५, म्हणजे २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधल्या अंतराचे एकक) येते आणि कोसंबींचे २१.२. भात-गव्हाच्या जनुकीय नकाशांसाठी संशोधक आजही हे सूत्र वापरतात.

पुण्यातच त्यांनी आहत नाणी, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी, तोलायला घेतली. हातोहात फिरणारे नाणे झिजते, म्हणून एका काळच्या नाण्यांचे सरासरी वजन वापरासोबत उतरत जाते. तक्षशिलेच्या नाण्यांत मागच्या बाजूचे ठसे जितके जास्त तितके वजन कमी, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे त्यांची वाट इथून गेली.

वेय स्ट्रासबर्ग, साओ पाउलो आणि शिकागो करत १९५८ साली प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीत स्थिरावले. १९४९ साली त्यांनी मांडलेल्या अटकळींनी (सिद्ध न झालेल्या विधानांनी) पुढच्या पंचवीस वर्षांच्या बीजगणितीय भूमितीला दिशा दिली. त्यातली शेवटची १९७४ मध्ये देलीन्य यांच्या सिद्धतेने पुरी झाली.

१९४५ मध्ये भाभांनी कोसंबींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतले. ते पुण्यातच राहत आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जात-येत. १९६२ मध्ये त्यांचा करार पुन्हा केला गेला नाही. म्हणजे इथेही एक मोठा माणूस बाहेर पडला. पण गणिताची शाळा तोवर वेगळ्या रीतीने बांधून झाली होती. १९४९ पासून के. चंद्रशेखरन यांनी तरुण विद्यार्थी निवडून घेतले, परदेशातले मोठे गणितज्ञ व्याख्यानमालांसाठी बोलावले आणि त्या व्याख्यानांची टिपणे विद्यार्थ्यांकडूनच लिहवून घेऊन छापली. टिपण लिहिणाऱ्याला विषय मुळापासून समजून घ्यावा लागे, आणि त्यातूनच पुढचे संशोधक घडले. चंद्रशेखरन स्वतः १९६५ साली झुरिचला गेले, तरी विभाग विखुरला नाही. त्याच वर्षी तिथल्याच विद्यार्थ्यांपैकी नरसिंहन आणि शेषाद्री यांचे प्रसिद्ध प्रमेय छापून आले, आणि त्या प्रमेयाची सुरुवात होती वेय यांच्या १९३८च्या एका निबंधात.