फेडता न येणारं कर्ज: कायदा इथवर कसा आला

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात चिडलेल्या रयतेने सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्यांना हवी होती कर्जखतं. हाती लागली ती त्यांनी जाळली, आणि हे लोण आसपासच्या गावांत पसरलं.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला चांगला भाव मिळाला होता, त्या भरवशावर कर्जही सहज मिळालं. युद्ध संपताच भाव पडले, त्यात शेतसारा वाढला. पण खरा फास आवळला तो १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने, असं मला वाटतं. खतावरचा दावा तीन वर्षांच्या आत करायचा, असं त्यात ठरलं. हेतू रयतेला जुन्या कर्जाच्या ओझ्यातून सोडवण्याचा होता, झालं उलट. मुदत संपत आली की सावकार नवं खत करून घेई आणि थकलेलं व्याज मुद्दलात जमा होई. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा जुना नियमही मग निरुपयोगी ठरे, कारण कागदावर मुद्दलच वाढलेलं असे. अक्षरओळख नसलेला शेतकरी अंगठा उठवत राहिला, आणि कोर्ट तो कागद पाहून हुकूमनामा देत राहिलं.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला, हप्ते बांधून देता येऊ लागले, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. ऐपत नसणं आणि लबाडी करणं यांतला फरक इथे कायद्याने मान्य केला. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

बाकीच्यांसाठी नादारीचे, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत न उरलेल्यांसाठीचे कायदे होते: मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा, इतरत्र १९२० चा. नादार ठरलेल्याची मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, ती विकून धनकोंना (कर्ज देणाऱ्यांना) वाटणी होते आणि पुढे उरलेल्या देण्यातून मुक्तता मागता येते. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला (कर्जदाराला) कैदेत टाकणं घटनेला धरून नाही.

२०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत अगदी गरीब ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचं घर नको. मर्यादा इतक्या तोकड्या, आणि तरीही व्यक्तींसाठीचा भाग २०१९ मध्ये फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झाला. सामान्य पगारदाराला नादारीचा अर्ज करायचा तर अजून शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा आहे, ही मोठी उणीव आहे.

म्हणून बहुतेकांची वाट बँकेशी तडजोडीची: हप्ते लांबवणं किंवा एकरकमी परतफेड. त्यात सूट मिळते, पण पतअहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे झेपेल तेवढाच हप्ता तिथे कबूल करावा.