खिडकी उघडायची की पाटी बाहेर लावायची?

जुलैत पंचगंगा चढायला लागली की निम्म्या कोल्हापूरच्या मोबाइलवर एकच ओळ फिरते: राजाराम बंधारा, इतके फूट, इतके इंच, अमुक वाजता. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ आहे. पातळी कळावी म्हणून कुणी कसबा बावड्याला जाऊन बंधाऱ्यावर उभं राहत नाही. आणि ओळीत वेळ नसेल तर पहिला प्रश्न ठरलेला: "कधीचं हाय हे?"

मी इथल्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडं नेटवर्क सांभाळतो. एक दिवस मालक म्हणाले, "आपल्या खोलीत तो हिरवा-लाल स्क्रीन असतोय, तोच लोकांना दाखव की. फोन तरी कमी येतील." बोलायला सोपं, पण या एका वाक्यात दोन निराळी कामं लपलेली आहेत. एक म्हणजे मॉनिटरिंगचा, कुठलं उपकरण चालू आणि कुठलं बंद ते दाखवणारा, स्क्रीनच बाहेरून उघडेल असं करायचं. ही झाली खिडकी. दुसरं म्हणजे स्क्रीन आतच ठेवायचा आणि त्यातली कामापुरती स्थिती स्क्रिप्टनं, म्हणजे आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामनं, उचलून बाहेरच्या वेबसाइटवर नेऊन ठेवायची. ही पाटी. बघणाऱ्याला दोन्हीकडं हिरवे-लाल ठिपकेच दिसतात. म्हणून तर घोटाळा होतो, माझाही झाला.

मी आधी पहिलं केलं, कारण ते पंधरा मिनिटांत होतं. राउटरवर एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, नागिऑस या आमच्या मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त बघण्यापुरता एक युजर काढला आणि पत्ता ग्राहकांना दिला. दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या गल्लीतल्या स्विचला, म्हणजे घराघरांत जोडणी वाटणाऱ्या पेटीला, आमच्याच कुणा पोरानं त्यांचं आडनाव देऊन ठेवलेलं. ते लाल रंगात, पुढं आयपी पत्ता आणि "डाउन" असा शेरा, अख्ख्या गावाला दिसत होतं. "माझं बिल भरल्यालं हाय की ओ!" ते म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. तो स्क्रीन इंजिनिअरसाठी बनलेला असतो. त्यावर उपकरणांची नावं असतात, पत्ते असतात, कधीकधी सॉफ्टवेअरची आवृत्तीही असते. दुरुस्ती करणाऱ्याला हे सगळं लागतं आणि चोरी करणाऱ्यालाही नेमकं हेच लागतं.

दोन्हींतला खरा फरक दिशेचा आहे. खिडकी उघडली की बाहेरचा माणूस तुमच्या घरात डोकावतो, म्हणजे येणारी वाट उघडी ठेवावी लागते. पाटी लावताना तुम्हीच आतून बाहेर जाता, मजकूर लिहिता आणि परत येता. येणारी वाट बंदच राहते. ज्यांच्याकडं सार्वजनिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, नाही त्यांना तर दुसराच मार्ग जवळचा. आज पुष्कळ जोडण्या पुरवठादाराच्या सामायिक पत्त्यामागं असतात, म्हणजे 100.64 पासून 100.127 पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होणाऱ्या पत्त्यांत. तिथं बाहेरून आत येता येत नाही, आतून बाहेर मात्र खुशाल जाता येतं.

पण मला खरा धडा जेसीबीनं दिला. उद्यमनगरच्या बाजूला खोदाई चालू होती, आमची मुख्य फायबर तुटली. ज्या घडीला लोकांना ते पान हवं होतं, नेमकं त्याच घडीला ते उघडेना, कारण पान देणारा सर्व्हर त्याच तुटलेल्या तारेच्या टोकाला बसलेला. "नेट बी न्हाई आन् तुमचं पान बी न्हाई, मग बघायचं काय?" हा प्रश्न त्या दुपारी मी किती वेळा ऐकला ते मोजलं नाही. मोठ्यांचंही असंच फसलेलं आहे, हाच काय तो दिलासा. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा अमेरिकेत कोलमडली, तेव्हा त्यांना स्वतःच्या सेवांची स्थिती सांगणारं पानच बदलता येईना. ते पान बदलायची यंत्रणा एस-थ्रीवरच टेकलेली होती. शेवटी त्यांनी ट्विटरवरून लोकांना कळवलं.

मग दुसरा मार्ग धरला. नागिऑस सगळी हालहवाल एका साध्या मजकूर फाइलीत लिहीत असतो. दर दोन मिनिटांनी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्राम, आमची छोटी स्क्रिप्ट चालवतो. ती फाइल वाचते, एक छोटं एचटीएमएल पान बनवते आणि एसएसएचवरून, म्हणजे कुलूपबंद जोडणीतून, बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकते. पान आधी तात्पुरत्या नावानं चढतं आणि पूर्ण चढल्यावरच त्याचं नाव बदलतं, नाहीतर अर्धवट पान लोकांसमोर येतं. त्या कामासाठी लॉगिनची निराळी किल्ली ठेवली आहे. तिनं त्या एका फोल्डरात फाइल ठेवण्यापलीकडं काहीही करता येत नाही.

काय बाहेर जायचं याची यादी मी उलटी ठेवली आहे. काय लपवायचं ते लिहिलेलं नाही, काय दाखवायचं तेवढंच लिहिलं आहे: राजारामपुरी, शाहूपुरी, उद्यमनगर, कसबा बावडा. उद्या कुणी नवा स्विच जोडून त्याला शेजाऱ्याचं आडनाव दिलं तरी ते यादीत नाही म्हणून बाहेर जाणार नाही.

एक बारीक खड्डा सांगतो, यात मी अर्धा दिवस घालवला. नागिऑसच्या त्या फाइलीत स्थिती आकड्यांत असते आणि उपकरणाचा 2 व सेवेचा 2 यांचा अर्थ एक नसतो. सेवेला 2 म्हणजे गंभीर बिघाड. उपकरणाला 2 म्हणजे "तिथवर पोचता येत नाही", म्हणजे वाटेतलं दुसरंच काहीतरी पडलंय. ते उपकरण स्वतः बंद असेल तर 1 येतो. मी दोघांना एकच रंग दिला होता. एक मुख्य स्विच पडला आणि पान असं लालभडक झालं की मालक जेवणावरून उठून आले. शिवाय एखादी तपासणी चुकली की लगेच लाल करायचं नसतं. नागिऑस ठरवलेल्या संख्येइतक्या फेऱ्या करून मगच बिघाड पक्का धरतो. स्क्रिप्टनं तो पक्का शेराच उचलावा.

एवढं करून मी निवांत झालो आणि तिथंच दुसरा फटका बसला. एका रात्री आतल्या सर्व्हरची डिस्क भरली आणि स्क्रिप्ट गप पडली. बाहेरचं पान शेवटचं चित्र घेऊन सकाळपर्यंत हिरवंगार, आणि इकडं शाहूपुरी पहाटेपासून बंद. खिडकीत हा धोका कमी असतो, हे तिच्या बाजूनं कबूल केलं पाहिजे: खिडकी बहुतेक वेळा एकतर दिसते किंवा दिसत नाही. पाटीवर कालचा मजकूर आज तसाच राहू शकतो. बंधाऱ्याच्या ओळीत वेळ का लागते हे ज्या गावात शेंबड्या पोराला कळतं, त्या गावात राहून मी पानावर वेळ टाकली नव्हती!

आता पानावर वेळ असते आणि ती दहा मिनिटांहून जुनी झाली की ठिपके आपोआप राखाडी होऊन "माहिती जुनी आहे" असं येतं. हे ठरवायचं काम बाहेरच्या सर्व्हरचं, आतल्या स्क्रिप्टचं नाही. जो गप पडलाय तोच आपण गप पडलोय हे कसं सांगणार? पहिल्या दिवशी माहिती जुनी झाली तरी पान राखाडी होईना. बाहेरचा सर्व्हर जागतिक वेळेवर, आमचा भारतीय वेळेवर, मध्ये साडेपाच तास. तेव्हापासून दोन्हीकडं 1970 पासूनचे सेकंदच मोजतो, आणि माणसाला दाखवतानाच घड्याळाची वेळ करतो.

म्हणजे खिडकी वाईट असं नाही. आमची पोरं रात्री घरून तोच पूर्ण स्क्रीन बघतात, पण व्हीपीएनमधून, म्हणजे ओळख पटल्यावरच उघडणाऱ्या बंदिस्त वाटेनं. ती घरच्यांची वाट. पाटी गावासाठी.

मुख्य तार तुटली तरी पाटी बदलता यावी म्हणून सर्व्हरला एक फोर-जी डोंगल लावला आहे. मागच्या महिन्यात पुन्हा तार तुटली. उद्यमनगरातल्या एका कारखानदारांचा फोन आला, "तुमचं पान लाल न्हाई, राखाडी दिसतंय. म्हंजे तुमालाच कळंना झालंय व्हय?" मी डोंगल काढून बघितला. रिचार्ज संपलं होतं.