आवाजाने तार सोडली तेव्हा

नव्वदच्या दशकात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसे परतण्याआधी आयएसडी बूथवर थांबत. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचा नवरा तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी. काचेच्या खोक्यात शिरून बोलायचे आणि नजर मीटरच्या लाल आकड्यांवर ठेवायची. पुढे हीच मंडळी सायबर कॅफेत हेडफोन लावून बसू लागली आणि आता घरच्या सोप्यावरून व्हॉट्सॲपने बोलतात. संभाषण तेच, ते सरकारला ऐकवण्याची सक्ती कोणावर, हे मात्र दर टप्प्याला बदलत गेले.

मूळ आधार १८८५ चा भारतीय तार कायदा. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल, तर संदेश अडवून ऐकण्याची मुभा त्याचे कलम ५(२) देत असे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होते. भारतीय कायदे इथे आले ते १९६१ च्या मुक्तीनंतर. तेव्हा फोन चालवणारे खाते सरकारी आणि ऐकणारेही सरकारच. घरातल्या घरात परवाना कोण कोणाकडे मागणार?

या मोकळ्या रानाची किंमत राजकारण्यांनीच आधी मोजली. फोन टॅपिंगच्या वादात रामकृष्ण हेगडे यांनी १९८८ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्रिपद सोडले. पीयूसीएल या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला: आदेश गृहसचिवाचा हवा, त्याची मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा महिने, आणि प्रत्येक आदेश समितीने तपासायचा. ही चौकट पुढे तार नियमांतला नियम ४१९-अ म्हणून कागदावर आली. गोव्यापुरते बोलायचे तर राज्याच्या आदेशावर सही गृहसचिवाची आणि फेरतपासणी मुख्य सचिवांच्या समितीकडे. एका सचिवाचा निर्णय दुसऱ्या सचिवांनी तपासायचा. न्यायाधीश यात कुठेच नाही. मला ही या व्यवस्थेतली सर्वांत कच्ची वीट वाटते.

दरम्यान खासगी कंपन्या आल्या. १९९८ मध्ये इंटरनेट सेवेचे परवाने खुले झाले आणि ऐकण्याची सोय करून देण्याची जबाबदारी परवान्याच्या अटींत शिरली. यंत्रणा कंपनीने स्वखर्चाने बसवायची. वर तपास यंत्रणांसाठी दहा बाय दहा फुटांची, वीज आणि वातानुकूलन असलेली खोली फुकट द्यायची! संदेश गुप्त करणारी ४० बिटपेक्षा मोठी कूटकिल्ली ग्राहकाने परवानगीशिवाय वापरायची नाही, हेही त्यातच. किल्ली जितकी मोठी, तितका संदेश फोडणे कठीण. बँकांचे व्यवहार त्याहून कितीतरी मोठ्या किल्लीवर चालू झाले तरी ती अट कागदावर राहिलीच.

१ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला, म्हणजे इंटरनेटवरून फोन करण्याला, मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला. पण पणजीतल्या संगणकावरून मडगावचा फोन लावायचा नाही. हे बंधन बऱ्याच अंशी सुटले ते जून २०१८ मधल्या दूरसंचार खात्याच्या स्पष्टीकरणाने, आणि तेही परवानाधारक फोन कंपन्यांसाठी. इंटरनेटवरच्या फोनला टॅपिंगची सक्ती कशी लावायची, ही गाठ अमेरिकेत वेगळ्या तऱ्हेने सुटली. टॅपिंगची सोय ठेवण्याची सक्ती करणारा तिथला १९९४ चा ‘कॅलिया’ कायदा मुळात टेलिफोन कंपन्यांसाठी होता. २००५ मध्ये तिथल्या दळणवळण आयोगाने साध्या फोनजाळ्याला जोडलेल्या इंटरनेट टेलिफोन सेवाही त्याखाली आणल्या आणि १४ मे २००७ ही मुदत दिली.

आपल्याकडे सक्ती परवान्याला बांधलेली. मग स्काइपसारख्या, इथला परवानाच नसलेल्या सेवेचे काय? त्याचे उत्तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या सुधारित कलम ६९ मध्ये आणि २००९ च्या नियमांत शोधले गेले. इथे परवान्याची गरज नाही, ‘मध्यस्थ’, म्हणजे इतरांचे संदेश पोहोचवणारी किंवा साठवणारी सेवा, असणे पुरेसे. सहकार्य नाकारले तर सात वर्षांपर्यंत कैद. तार कायद्यातली सार्वजनिक आणीबाणीची किंवा सुरक्षेची पूर्वअट मात्र यात गळाली. कोणत्याही गुन्ह्याचा तपास एवढे कारण चालते. त्याच नियमांत एक छोटी ओळ आहे: संदेश उलगडून देण्याचे बंधन मध्यस्थाने तो स्वतः कूटबद्ध केला असेल किंवा किल्ली त्याच्या ताब्यात असेल तेवढ्यापुरतेच. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये किल्ल्या वापरकर्त्यांच्या फोनमध्येच ठेवल्या, तेव्हा या ओळीचे वजन कळले.

ज्याच्या अखत्यारीत गोवा येतो त्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाच प्रकरणातले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक सुरक्षेचे कारण त्यांत दिसत नव्हते. पण ते आदेश तार कायद्याखालचे होते. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे आणि ६ डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनी ४१९-अ ची. सहा महिन्यांची कमाल मुदत आणि सचिवांची समिती तशीच आहे. ‘संदेशा’ची व्याख्या मात्र इतकी ऐसपैस की ॲपवरचे बोलणेही तिच्यात मावावे. ॲप या कायद्यात येत नाहीत, हे दूरसंचार मंत्र्यांनी तोंडी सांगितले, कायद्यात तसे लिहिलेले नाही.