बसायचं कुणाबरोबर?

"आज बसायचं का?" या प्रश्नात दारूचं नावसुद्धा नाही, फक्त बसणं आहे, तरी सगळ्यांना बरोब्बर कळतं. मला तर वाटतं व्यसनाचं अर्धं विज्ञान त्या एका क्रियापदात आलंय. कारण मेंदू नुसती दारू लक्षात ठेवत नाही, तो ती संध्याकाळची वेळ, ती खुर्ची, तो मित्र, ग्लासातल्या बर्फाचा आवाज असं सगळं एकाच गाठोड्यात बांधून ठेवतो, आणि नंतर त्यातलं काहीही एक समोर आलं की हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची यंत्रणा जागी होते आणि तलफ सुटते, पोटात एक थेंब न जाता. "मनावर ताबा ठेव" म्हणणं सोपं असतं हो, पण ताबा ठेवायचं काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाचं, तोच भाग वर्षानुवर्षं पिऊन ढिला पडलेला असतो.

मग दारू सोडणाऱ्यांच्या सपोर्ट ग्रुपमध्ये नेमकं काय होतं? तिथे औषध नाही, डॉक्टर नाही, खुर्च्या मांडून लोक बोलतात. पण तिथेही लोक बसतातच की, फक्त बसणारी माणसं बदलतात.

ही कल्पना निघाली तीच मुळी अशा एका बसण्यातून. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात कामासाठी आला होता, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, काम फिसकटलं आणि हॉटेलच्या लॉबीत उभा असताना बार खुणावायला लागला. तो बारमध्ये न जाता फोनकडे गेला आणि आपल्यासारखाच कुणी पिणारा बोलायला मिळतो का ते शोधत सुटला. सापडले डॉ. बॉब स्मिथ, सर्जन, आणि पक्के दारुडे. ते म्हणाले पंधरा मिनिटं थांबेन, आणि दोघं बोलत बसले सहा तासांच्या वर. त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए उभी राहिली. गंमत अशी की बिल डॉक्टरांना सुधारायला गेलाच नव्हता, त्याला स्वतःला वाचायचं होतं.

बरीच वर्षं शास्त्रज्ञ याकडे जरा संशयानेच बघत होते, भजनी मंडळासारखं काहीतरी म्हणून. मग २०२० मध्ये कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला, २७ अभ्यास, १०,५६५ लोक. एएला जोडून देणाऱ्या ठरावीक पद्धतीच्या उपचारानंतर वर्षभराने ४२ टक्के लोक पूर्ण कोरडे होते, बाकीच्या उपचारांमध्ये ३५ टक्के. फरक छोटा वाटेल, पण ग्रुप फुकट असतो हे विसरू नका. अर्थात निम्म्याहून जास्त लोकांना तेवढ्याने पुरलं नाही हेही त्याच आकड्यात आहे, त्यामुळे ग्रुप म्हणजे रामबाण असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. याचा फायदा नेमका कशातून होतो हेही लोकांनी खोदून पाहिलंय, आणि उत्तर पुन्हा पुन्हा तेच येतं, पिणाऱ्यांची संगत कमी होते, न पिणाऱ्यांची वाढते, आणि चारचौघांत "नको" म्हणता येईल असा भरवसा येतो.

पण थांबा, हे वाचून कुणी उद्यापासून एकदम बंद करणार असेल तर आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूत दारू ब्रेक दाबून असते, म्हणून मेंदू आपला अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो, आणि दारू अचानक काढली की ब्रेक जातो पण अ‍ॅक्सिलरेटर तसाच. हात थरथरतात, ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत काहींना भास, ताप, भ्रम सुरू होतो, त्यात जीवही जातो. हे मीटिंगमध्ये बसून थांबत नाही. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं पण आहेत, ती आणि ग्रुप एकत्र चालतात, औषध घेतलं म्हणजे फसवणूक केली असं काही नसतं.

ग्रुप शोधायला डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्र किंवा एएची वेबसाइट पुरते. ओपन मीटिंगला कुणीही जाऊ शकतं, क्लोज्ड फक्त ज्यांना दारू सोडायचीय त्यांच्यासाठी, आणि सभासद व्हायला अट तेवढी एकच, सोडायची इच्छा. बोलायलाच पाहिजे असं नाही, "आज फक्त ऐकायला आलोय" चालतं. एएमधलं देवाबिवाचं बोलणं पटत नसेल तर १९९४ मध्ये सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी आहे, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या तंत्रांवर भर असतो. पहिली मीटिंग बोअर झाली तर दुसरा ग्रुप बघा, माणसं जुळणं हेच तर त्यातलं औषध आहे. आणि संपल्या संपल्या पळू नका, खरे फोन नंबर त्या नंतरच्या दहा मिनिटांत मिळतात, रात्री तलफ आली की लावायला. मधे घसरलात तरी परत जा, तिथे कुणी डोळे वटारत नाही, बहुतेक जण स्वतः घसरून आलेले असतात.

घरच्यांसाठीही वेगळा ग्रुप असतो, अल-अनॉन, १९५१ पासून, तो उभा करण्यात बिलच्या बायकोचा, लोइसचा हात होता. पिणारा यायला तयार नसला तरी घरच्यांना जाता येतं, त्याची परवानगी लागत नाही.